बापाजवळ मागितलेला वाटा

एकत्र कुटुंबांत मुलानें बापाजवळ वाटा मागितला, कीं घरांत चार दिवस कोणी कोणाशीं धड बोलत नाहीं. मागणारा तो शेतासाठीं, घरासाठीं, फार तर धंद्यासाठीं मागतो. परंतु १७७८ च्या जानेवारींत जॉन लॉरेन्स नांवाच्या तेवीस वर्षांच्या अमेरिकन तरुणानें जो वाटा मागितला, तसा दुसरा आमच्या तरी वाचनांत नाहीं. पुढें वारशानें मिळावयाचे ते गुलाम आजच द्या. त्यांना शिपाई करतों आणि स्वातंत्र्याची वाट दाखवितों, असें त्यानें वॉशिंग्टनच्या छावणींतून वडिलांना लिहिलें.

वडील हेन्री लॉरेन्स म्हणजे साउथ कॅरोलिनांतील बडें प्रस्थ. चार्ल्सटन बंदरांत गुलामांच्या व्यापारावर त्यांनीं अलोट पैसा मिळविला होता, आणि त्या वेळीं तर ते इंग्लंडविरुद्ध उठलेल्या वसाहतींच्या काँग्रेसचे अध्यक्ष होते. आपणांस गुलामगिरीचा तिटकारा आहे, असें त्यांनींच १७७६ सालीं मुलाला लिहिलें होतें. बापाचा तिटकारा पत्रांत राहिला. मुलानें तो खरा मानला, एवढाच काय तो फरक!

जॉन निर्दोष होता असें मात्र नव्हे. श्रूझबरी नांवाचा घरचा गुलाम छावणींत त्याच्या सेवेस असे. ऐन हिंवाळ्यांत, त्याचे कपडे मिळण्यास अडचण असेल तर त्यांवांचून त्याचें चालेल, असें हाच जॉन बापाला कळवितो. लंडनला गरोदर पत्नीस ठेवून तो युद्धावर निघून आला. झालेल्या मुलीचें तोंड त्यानें कधींच पाहिलें नाहीं, आणि त्याच्या भेटीसाठीं निघालेली पत्नी १७८१ सालीं फ्रान्समध्यें वारली. आमच्या घरांतील बायका याबद्दल त्याला क्षमा करावयास तयार नाहींत. आम्हांसही त्यांच्याशीं वाद घालवत नाहीं.

बापानें प्रथम त्याला या नादापासून परावृत्त केलें. पुढें इंग्रज दक्षिणेंत शिरले, तेव्हां १७७९ च्या मार्चमध्यें काँग्रेसनें ३,००० गुलामांच्या पलटणी उभारण्याची शिफारस केली. मालकास दर माणशीं १,००० डॉलरपर्यंत भरपाई, व शेवटपर्यंत इमानानें लढणारास मुक्तता आणि ५० डॉलर. जॉननें हा ठराव साउथ कॅरोलिनाच्या सभेपुढें मांडला. सभासद बहुतेक गुलामांचे धनी! १७७९, १७८० आणि १७८२ अशा तिन्ही वेळां त्यांनीं तो धुडकावून लावला.

मध्यंतरीं यॉर्कटाउन येथें कॉर्नवॉलिसच्या शरणागतीच्या अटी ठरविण्याचें काम जॉनकडे आलें होतें. हाच कॉर्नवॉलिस १७९२ सालीं श्रीरंगपट्टणापुढें हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या जोडीनें टिपूविरुद्ध उभा होता. असो.

२७ ऑगस्ट १७८२ रोजीं, युद्ध जवळजवळ संपलेलें असतां, जॉन आजाराच्या बिछान्यावरून उठला, आणि कोंबाही नदीकांठच्या एका क्षुल्लक चकमकींत पडला. वय सत्तावीस. पुत्रनिधनाची वार्ता हेन्रीला युरोपांत कळली. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, ३० नोव्हेंबर रोजीं, पॅरिस येथें तहाच्या प्राथमिक मसुद्यावर सह्या व्हावयाच्या होत्या. आयत्या वेळीं तेथें पोहोंचलेल्या हेन्रीनें त्यांत एक कलम घालविलें : इंग्रज सैन्यानें परत जातांना अमेरिकनांचे गुलाम अथवा इतर मालमत्ता बरोबर नेऊं नये.