मेजरमामांचं देणं

विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात वडील ॲडमिट होते, तेव्हा मेजरमामांची ओळख झाली. ते हवालदार म्हणून रिटायर झालेले, पण आपल्याकडं फौजी म्हटलं की मेजरच. गेटवर रात्रपाळीला असायचे. धाकटा भाऊ पहाटे व्हरांड्यात बैठका मारताना त्यांनी पाहिला.

"भरतीचं करायलास का? मग रोडवर ये. हितं काय होतंय?"

त्यानंतर कितीतरी दिवस ड्युटी सुटली की ते घरी न जाता विद्यापीठाकडच्या रस्त्यावर थांबायचे. दर ४०० मीटरवर चुन्याची रेघ मारलेली. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत काढायचे, हे भरतीच्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं. कसे काढायचे, ते मामांनी शिकवलं. पहिले ४०० दमानं, मुठी सैल, नजर समोर. जीव काढायचा तो शेवटच्या रेघेपासून. पळण्याआधी ते वाकून पोरांच्या बुटाची गाठ तपासायचे, नाडीची टोकं आत खोवायचे. पैशाचा विषय काढला तर म्हणाले, "माझ्याकडून कुणी घेतले होते का?"

रिटायर झाले तेव्हा गावानं त्यांना उघड्या जीपमधून मिरवलं होतं. हार, गुलाल, डीजे, सगळं झालं. त्याच माणसाला एका पेशंटच्या नातेवाइकानं "ए वॉचमन" म्हणत ढकललेलं मी पाहिलं. मामा बाजूला सरले, टोपी नीट केली आणि मागून येणाऱ्या स्ट्रेचरला वाट करून दिली. २०१६ साली नगरोट्याच्या हल्ल्यात लोहा तालुक्यातल्या जानापुरीचे संभाजी कदम शहीद झाले, तेव्हा सगळ्या नांदेडला हळहळ वाटली होती. ती माया खरीच होती. जिवंत परत आलेल्या जवानाच्या वाट्याला मात्र ती का येत नाही, याचा मला संताप येतो.

भाऊ अग्निवीर म्हणून लागला. आईनं पेढे वाटले, पण लोकांनी आधी विचारलं ते चार वर्षांनंतरचं. पूर्वी फौजी जावई म्हणजे पेन्शन, कँटीन, पक्की नोकरी. २०२२ च्या अग्निपथ योजनेत पेन्शन नाही. शेवटी पावणेबारा लाखांच्या आसपास सेवा निधी, आणि कायम होणार जास्तीत जास्त २५ टक्के. चार वर्षं लग्नही करता येत नाही. तरी बोलणी करून ठेवावी म्हणून आम्ही एका ठिकाणी गेलो. वडिलांना प्रवास झेपत नव्हता. थोरलं माणूस म्हणून मेजरमामा आले, रात्रपाळी करून, इस्त्रीचा शर्ट घालून.

मुलीच्या वडिलांनी तेच विचारलं.

मामा म्हणाले, "मला पेन्शन आहे पाव्हणं, तरी मी रात्री गेटवर उभा राहतो. कामाची लाज मला नाही, या पोरालाही नाही. तो बसून खाणार नाही, याची जिम्मेदारी माझी."

पाहुणे विचार करून कळवतो म्हणाले. अजून कळवलेलं नाही. मामा मात्र दर आठवड्याला फोन करून विचारतात.