माणसें मोजावीं कीं यंत्रें?

आमच्या पेढीच्या पुणें, नाशिक व कोल्हापूर येथें कचेऱ्या आहेत. विंडोज सर्व्हर वापरण्याचे परवाने घेण्यासाठीं आम्हीं तिन्हीकडील यंत्रें मोजलीं. मागणी धाडणार, तोंच पुतण्या अदबीनें म्हणाला, "काका, माणसाच्या नांवें घेतलेला परवाना तिन्ही कचेऱ्यांत चालतो, त्याचीं यंत्रें कितीही असोत. यंत्राच्या नांवें घेतल्यास त्यावर कितीही माणसें बसोत."

फिरतीवरील माणसांजवळ तीन-तीन यंत्रें, तर गुदामांत एका यंत्रावर तीन पाळ्या! तेव्हां फिरत्यांस माणशी व गुदामास यंत्रामागें परवाने घेतले. नाहक खर्च टळला. खुद्द सर्व्हरचा परवाना निराळा. २०१६ च्या आवृत्तीपासून तो प्रोसेसरचे कोअर मोजून, दर सर्व्हरमागें किमान १६ कोअरांचा घ्यावा लागतो.

वडीलकीच्या भरांत आम्ही यंत्रेंच मोजीत होतों. माणसें मोजण्याची बुद्धि धाकट्यास सुचली, हें कबूल केलें पाहिजे.