जुन्या डॉलरची प्रत

अमेरिकेतील नाणेसंग्राहक मंडळांच्या बैठकींत नव्याने मिळवलेली नाणी सर्वांपुढे ठेवण्याची आणि त्यांची प्रत एकत्र बसून ठरवण्याची रीत आहे. टांकसाळीतून बाहेर पडल्यानंतर नाणे किती झिजले आणि किती जपले गेले, याचा निर्णय म्हणजे प्रत. एकाच वर्षाच्या, एकाच टांकसाळीच्या दोन नाण्यांच्या किमतींत प्रतीमुळे अनेक पटींचा फरक पडतो. प्रस्तुत लेखकाने अमेरिकेतील वास्तव्यात अशा एका मंडळाच्या बैठकींत भाग घेतला. पुढील विवेचन त्या अनुभवावर आधारलेले आहे.

लेखकाच्या मंडळात एक नियम कटाक्षाने पाळला जात असे. नाणे मांडणारा त्याचे वर्ष आणि टांकसाळ सांगतो; किंमत आणि विक्रेत्याने सांगितलेली प्रत मात्र आधी सांगत नाही. मखमली तबकातून नाणे हातोहात फिरते, प्रत्येक जण आपला निर्णय चिठ्ठीवर लिहितो आणि सर्व चिठ्ठ्या आल्यावरच चर्चा सुरू होते. अनुभवी सदस्याचे मत आधी कानावर पडले, तर नवख्याचा डोळा स्वतंत्रपणे पाहत नाही, हे या नियमाचे कारण.

अशा बैठकींत सर्वाधिक दिसणारे नाणे म्हणजे मॉर्गन डॉलर. १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडलेल्या या नाण्याला त्याचा रचनाकार जॉर्ज मॉर्गन याचे नाव मिळाले आहे. त्याचे वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर असून धातूत नव्वद टक्के चांदी व दहा टक्के तांबे असते. दर्शनी बाजूस स्वातंत्र्यदेवतेचे मुख आणि पाठीमागे पंख पसरलेला गरुड आहे. गरुडाखालच्या पुष्पचक्राच्या गाठीखाली टांकसाळीचे बारीक अक्षर असते : न्यू ऑर्लिन्ससाठी ‘ओ’, सॅन फ्रान्सिस्कोसाठी ‘एस’, कार्सन सिटीसाठी ‘सीसी’ आणि केवळ १९२१ च्या नाण्यांवर डेन्व्हरसाठी ‘डी’. फिलाडेल्फियाच्या नाण्यांवर अक्षर नसते. नाणे हाती येताच संग्राहक प्रथम तिथे पाहतो.

या डॉलरच्या इतिहासात हिंदुस्थानचा थेट संबंध येतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात इकडे चांदीच्या रुपयांची टंचाई निर्माण झाली. लोक नोटा देऊन रुपये मागू लागले आणि सरकारचा चांदीचा साठा आटत गेला. ब्रिटनच्या विनंतीवरून अमेरिकेने १९१८ मध्ये पिटमन कायदा केला आणि त्याखाली २७ कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले. त्यांपैकी सुमारे २५ कोटी ९० लाख डॉलरची चांदी हिंदुस्थानासाठी गेली. कोणत्या वर्षाची व कोणत्या टांकसाळीची किती नाणी वितळली, याची नोंद ठेवली गेली नाही. त्यामुळे मॉर्गन डॉलरच्या बाबतीत किती नाणी पाडली या आकड्यावरून आज किती उरली हे सांगता येत नाही. १९०३ सालचा न्यू ऑर्लिन्सचा डॉलर अनेक दशके अतिदुर्मीळ समजला जात होता. १९६२ मध्ये सरकारी तिजोरीतून त्याच्या न वापरलेल्या नाण्यांच्या थैल्या बाहेर आल्या आणि त्याची किंमत एकदम कोसळली. पंचम जॉर्जचा रुपया पाहत वाढलेल्या मराठी संग्राहकाला मॉर्गन डॉलरविषयी वेगळी जवळीक वाटते, ती या इतिहासामुळे.

प्रत सांगण्यासाठी आज १ ते ७० अशी श्रेणी वापरतात. तिचा उगम १९४९ मध्ये विल्यम शेल्डन यांनी अमेरिकेच्या जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटवर लिहिलेल्या पुस्तकात आहे. सर्वांत झिजलेल्या नाण्याची किंमत पाया धरून चांगल्या नाण्याची किंमत तिच्या किती पट, हे त्या अंकाने दाखवायचे होते. किमतींचे ते गणित बाजारात टिकले नाही, पण अंक टिकले. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने १९७७ मध्ये प्रतवारीचे अधिकृत निकष पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले आणि ही श्रेणी सर्व अमेरिकी नाण्यांना लागू झाली. ठळक रेषा तेवढ्या उरलेले नाणे ४ च्या आसपास असते. मध्यम झिजेचे नाणे २० ते ३५, किंचित झिजलेले ४० ते ४५ आणि उंच भागांवर झिजेचा नुसता मागमूस असलेले ५० ते ५८ या अंकांत बसते. ६० पासून पुढे व्यवहारात न फिरलेली नाणी येतात.

पाहण्याचाही क्रम ठरलेला आहे. नाणे अंगठा व तर्जनीने फक्त कडेला धरतात आणि ते निसटले तरी इजा होऊ नये म्हणून हात मऊ कापडावर ठेवतात. खोलीतले मोठे दिवे मालवून एकाच टेबलदिव्याखाली नाणे सावकाश कलते करतात. न झिजलेल्या चांदीच्या नाण्यावर त्या वेळी प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गोल फिरतात. ठसा बसताना धातू बाहेरच्या दिशेला सरकतो आणि त्याच्या सूक्ष्म रेषा उमटतात. ही झळाळी त्यांतून येते. नाणे हाताळले गेले की प्रथम उंच भागांवरच्या रेषा पुसल्या जातात. मॉर्गन डॉलरमध्ये देवतेच्या कानावरचे केस आणि गरुडाची छाती हे ते भाग. भिंग शेवटी वापरतात, कारण भिंगाखाली लहानसा ओरखडाही मोठा दिसतो आणि नाण्याचा एकूण तोल नजरेआड होतो.

खरा मतभेद होतो तो झीज आणि कमजोर ठसा यांमध्ये. प्रस्तुत लेखकाने एका बैठकीत १८८३ चा न्यू ऑर्लिन्सचा डॉलर मांडला होता. कानावरचे केस सपाट दिसत होते. चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा काहींनी ५८ आणि काहींनी ६२ हा अंक दिला होता. दोन अंकांमध्ये चारचाच फरक. पण एक म्हणतो की नाणे व्यवहारात फिरले आहे आणि दुसरा म्हणतो की फिरलेले नाही. एका ज्येष्ठ सदस्याने नाणे दिव्याखाली पुन्हा फिरवायला सांगितले. प्रकाशाचा पट्टा सपाट केसांवरूनही न तुटता सरकत होता. केस झिजले असते, तर पट्टा तिथे मंद होऊन राखाडी डाग दिसला असता. म्हणजे ठसाच पुरता बसला नव्हता, आणि त्या टांकसाळीच्या नाण्यांत हे वरचेवर आढळते. शेजारी १८८१ चा सॅन फ्रान्सिस्कोचा डॉलर ठेवल्यावर फरक सर्वांना दिसला. त्यावरची केसांची बट न् बट सुटी होती. अशी तुलना पुस्तकातल्या छायाचित्रांवरून साधत नाही. त्यासाठी दोन्ही नाणी एकाच दिव्याखाली असावी लागतात.

न वापरलेल्या नाण्यांवरही खुणा असतात. हे डॉलर हजार-हजारांच्या कापडी थैल्यांत भरून तिजोऱ्यांत ठेवले जात, आणि थैल्या उचलताना-टाकताना नाणी एकमेकांवर आदळत. देवतेच्या गालावरची खूण चटकन नजरेत भरते, म्हणून ती अधिक गुण कापते. तेवढीच खूण पुष्पचक्राच्या पानांत असली, तर फारशी जाणवत नाही.

इतर नाण्यांना निकष वेगळे लागतात. १९०९ ते १९५८ या काळातल्या, पाठीवर गव्हाच्या ओंब्या असलेल्या लिंकन सेंटमध्ये अंकाबरोबर तांब्याचा रंगही नोंदवतात : लाल, तांबूस-तपकिरी किंवा तपकिरी. १९१३ ते १९३८ च्या म्हैस-छापाच्या निकेलवर वर्षाचे आकडे उंच भागावर असल्यामुळे तेच आधी झिजतात, आणि वर्ष नाहीसे झालेली अशी नाणी विपुल सापडतात.

नाणे घासून स्वच्छ केलेले असेल, तर त्याला पूर्ण प्रत मिळत नाही. कापडाने किंवा पावडरीने घासल्यावर पृष्ठभागावर केसासारख्या समांतर रेषा उमटतात आणि प्रकाशाचे फिरणारे पट्टे हरपतात. उलट, गंधकाशी संयोग होऊन कालांतराने चढलेली निळी-सोनेरी छटा नैसर्गिक असेल, तर ती गुण मानली जाते. बनावट नाणी ओळखण्यासाठी वजन, व्यास आणि लोहचुंबक यांची परीक्षा आधी करतात. चांदी चुंबकाला चिकटत नाही आणि वजनातला अर्ध्या ग्रॅमचा फरकही संशयाला पुरेसा असतो.

१९८० च्या दशकात प्रतवारी करणाऱ्या स्वतंत्र कंपन्या उभ्या राहिल्या. त्या नाणे तपासून मोहोरबंद प्लॅस्टिकच्या डबीत प्रतीसह ठेवतात. यामुळे दूरच्या खरेदी-विक्रीत विश्वास आला. तरीही डबीवरचा अंक हे जाणकारांचे मतच असते, आणि ६३ चीच प्रत असलेल्या दोन डॉलरांपैकी एक डोळ्यांना अधिक सुखावतो. तो निवडण्याची नजर वर सांगितल्यासारख्या बैठकींतच तयार होते. म्हणूनच डबीबंद नाणी सहज मिळत असतानाही सुटी नाणी तबकात ठेवून पाहण्याची रीत मोलाची आहे.

बैठकीनंतर मालक नाण्याची नोंद करतो : वर्ष, टांकसाळ, वजन, मंडळाने दिलेली प्रत, मतभेद असल्यास त्याचे कारण आणि खरेदीचा तपशील. नाणे रासायनिकदृष्ट्या स्थिर अशा मायलरच्या पाकिटात किंवा कडक डबीत जाते. मऊ पीव्हीसीच्या पाकिटातून कालांतराने हिरवट चिकट थर सुटतो, म्हणून ती पाकिटे टाळतात. कोरड्या आणि फारशी उष्णता नसलेल्या जागी ठेवलेले नाणे पुढच्या संग्राहकाकडे त्याच प्रतीत पोहोचते, आणि सोबतच्या नोंदीमुळे आधीचा निर्णय पडताळून पाहण्याची सोय त्याला मिळते.