राहून गेलेली विक्रांत

परवा नातवाने विचारलं, "आजोबा, महाराजांची जहाजं आपल्या खाडीत बांधली ना? मग ती जागा दाखवा!"

१६५७ साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आलं आणि मराठी आरमाराच्या बांधणीला इथेच सुरुवात झाली, हे मी किती वर्षं वर्गात शिकवलं. पण कशेळीच्या पुलावर उभं राहून बोट कुठे दाखवणार? चिखल, तिवरं आणि पलीकडे गोदामांचे पत्रे. लाकडाची जहाजं ती, साडेतीनशे वर्षांत काय उरणार म्हणा. पण विक्रांत तर पोलादाची होती!

२००१ मध्ये विक्रांतचं संग्रहालय झालं. नोकरीत असताना दोनदा मुलांना घेऊन गेलो. डेकवरचं सी हॉक विमान पाहून एकाने विचारलं, "सर, एवढ्याशा जागेतून हे उडायचं कसं?" सरांना उत्तर येईना! तिथल्या नौसैनिकाने सांगितलं, वाफेच्या जोरावर गोफणीतल्या दगडासारखं फेकायचे. १९७१ च्या युद्धात याच सी हॉकनी चितगाव, कॉक्स बझारवर हल्ले केले. उभ्या शिड्या उतरताना मात्र सगळ्यांत जास्त मीच घाबरलो होतो, ते मुलांना कळू दिलं नाही.

दोन्ही वेळा माझा डबा हिनेच करून दिला, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. "मला कधी नेणार?" असं विचारायची. "निवृत्त झालो की निवांत जाऊ," असं मी म्हणायचो.

निवृत्त झालो. मग घराचं काम निघालं, मुलीचं बाळंतपण आलं, हिचे गुडघे दुखू लागले. २०१२ मध्ये जहाज धोकादायक झालं म्हणून संग्रहालय बंद झालं आणि २०१४ च्या नोव्हेंबरात दारूखान्याला ते तोडायला घेतलं. पेपरातला फोटो मी हिच्यापासून लपवला. तिने तो आधीच पाहिला होता!

पुढे २०१६ मध्ये पुतण्याने बजाजची 'व्ही' मोटारसायकल घेतली. तिच्यात विक्रांतचं पोलाद वितळवून घातल्याची जाहिरात होती. हिने गाडीला हळदकुंकू वाहिलं आणि टाकीवर हात ठेवून म्हणाली, "चला, पाहिली एकदाची तुमची विक्रांत." रागाने नाही हो, हसून म्हणाली. तेच जास्त लागलं.

असो. नौदलातून निवृत्त झालेली टी-८० ही युद्धनौका आता कल्याणला दुर्गाडीजवळ आणली आहे. येत्या रविवारी नातवाला तिकडे नेतोय. हिलाही. आत नाही सोडलं तरी बाहेरून बघू. रिक्षावाल्याला आजच सांगून ठेवलंय.