न्यायाधीश नेमतो कोण?

इथे अमेरिकेत केंद्रीय न्यायाधीशांची नावं राष्ट्राध्यक्ष सुचवतात आणि सिनेट त्यांवर मतदान करतं, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. राजकारण असतं, पण सगळ्यांसमोर. ‘मग आजोबांची केस ज्या कोर्टात आहे, तिथले जज कोण निवडतं?’ असं याच मुलांनी विचारलं, की नागरिकशास्त्र शिकवलेली मीही अडखळते.

राज्यघटनेचं २१७ वं कलम सांगतं, की उच्च न्यायालयाचे न्यायाधीश राष्ट्रपती नेमतील. सरन्यायाधीश, राज्यपाल आणि त्या न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश यांचा सल्ला घेऊन. पण सल्ला पाळायलाच हवा का? याचं उत्तर दिल्लीतल्या वाऱ्याबरोबर बदलत गेलं. आणीबाणीत, १९७६ साली, उच्च न्यायालयांच्या १६ न्यायाधीशांच्या त्यांना न विचारता बदल्या झाल्या. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच अखेरचा शब्द सरकारला दिला. १९९३ मध्ये केंद्रात नरसिंह रावांचं काठावरचं सरकार होतं. तेव्हा न्यायालयाने तो शब्द स्वतःकडे घेतला आणि कॉलेजियम आलं. २०१४ मध्ये तीस वर्षांनी एका पक्षाला स्पष्ट बहुमत मिळालं आणि त्याच वर्षी संसदेने न्यायिक नियुक्ती आयोग मंजूर केला. तो २०१५ मध्ये ४ विरुद्ध १ मतांनी रद्द झाला.

तेव्हापासून सरकार नावं नाकारण्यापेक्षा अडवून धरतं. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातले न्या. अकील कुरेशी यांची मध्य प्रदेशच्या मुख्य न्यायाधीशपदासाठी शिफारस झाली. केंद्राने ती मान्य केली नाही. अखेर कॉलेजियमने शिफारस बदलली आणि ते त्रिपुराला गेले.

कॉलेजियमचीही बाजू घ्यावी असं नाही. तिथलाही कारभार बंद दाराआडचाच. पण या रस्सीखेचीत खुर्च्या रिकाम्या राहतात. मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीशांची मंजूर पदं ९४ आहेत आणि ती सगळी भरलेली क्वचितच असतात. आपल्यापैकी कितीतरी जणांचे आईवडील जागेच्या नाहीतर वारसाच्या दाव्यात ‘पुढची तारीख’ ऐकत म्हातारे होत आहेत.

म्हणून नेमणूक कोणी करावी, यापेक्षा मला दोन साध्या गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. नाव का निवडलं किंवा का नाकारलं, हे लोकांना कळावं. आणि सरकारने उत्तर किती दिवसांत द्यायचं, याची मुदत पाळली जावी. एवढं झालं, तर सत्ता कोणाचीही असो, न्यायाधीशाला तिच्याकडे बघत बसावं लागणार नाही.