शपथेनंतरचे चार दिवस

पाचोऱ्यास आमच्या थोरल्या दिरांनीं देवापुढें शपथ घेऊन दारू सोडली, तेव्हां घरीं साखर वांटली गेली. दुसरे दिवशीं त्यांचे हात कांपूं लागले. तिसरे रात्रीं अंगावर नसलेले किडे ते झटकूं लागले. सासूबाईंनीं दृष्ट काढिली. डॉक्टरांनीं मात्र तत्काळ जळगांवास इस्पितळांत हलविलें, म्हणून ते वांचले. नित्याच्या दारूनें दबलेला मेंदू ती एकाएकीं तुटतांच उसळतो. झटके, भ्रम, प्रसंगीं मृत्यूही ओढवतो. पुण्यास १९८६ सालीं डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनीं स्थापिलेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ति केंद्रांतही आधीं शरीराचीच शुश्रूषा होते, उपदेश मागाहून. भगिनींनो, निश्चय अवश्य करवावा. पण पहिले चार-पांच दिवस डॉक्टरांच्या नजरेखालींच काढावे.