दाभोळच्या खाडीपासून कुंभार्ली घाटापर्यंत सायकलवरून

कोकणातल्या रस्त्यांना किलोमीटरचा हिशेब लागू पडत नाही. नकाशात पाहिले तर दापोली ते दाभोळ हे अंतर तीस किलोमीटरच्या आतले. देशावरच्या सायकलवाल्याला ते न्याहारीआधीचे काम वाटते. पण हा रस्ता करवतीच्या दात्यांसारखा आहे. एक पऱ्या ओलांडायला उतरायचे, लगेच पलीकडची टेकडी चढायची, वर वाडी, काजूची बाग, पुन्हा उतार. चढ लांब नसतात, पण संपतही नाहीत. म्हणून इथे किती किलोमीटर गेलो हे विचारू नये, किती वेळा चढलो हे मोजावे.

गेल्या हिवाळ्यात मी, माझा सोळा वर्षांचा भाचा आणि अकरावीतली भाची असे तिघे या वाटेने गेलो. वाट सरळ वाशिष्ठी नदीच्या मागावर आहे. दाभोळला तिचे मुख, मध्ये चिपळूण आणि शेवटी पोफळीच्या डोंगराचा पायथा. तिथून कुंभार्ली घाट चढला की माणूस सातारा जिल्ह्यात पोहोचतो. अंतर सारे मिळून दीडशे किलोमीटरच्या आत. घाईच्या माणसाने दोन दिवसांत करावे, मुले बरोबर असतील तर तीन दिवस घ्यावेत.

दाभोळचा शेवटचा उतार तीव्र आहे. खाली खाडी दिसू लागली की नजर तिकडे जाते आणि हात ब्रेकवरून सैल होतो. तसे करू नये, आधी थांबावे आणि मग पाहावे. बहमनी आणि आदिलशाही काळात हे मोठे बंदर होते. होर्मुझ आणि अरबस्तानाकडे माल जात असे, हजला निघालेले लोक इथूनच जहाजात बसत. १५०८ साली पोर्तुगीजांनी शहर जाळले. पुढे बंदर गाळाने आणि व्यापार दुसरीकडे गेल्याने मागे पडले. त्या वैभवाची एक खूण धक्क्याजवळच उभी आहे : आदिलशाही घडणीची घुमटाची मशीद. गावातले लोक तिला अंडा मशीद म्हणतात. मोटारीतून येणारे बहुतेक जण फेरीबोटीच्या रांगेत काच वर करून बसतात, आणि ती त्यांच्या पाठीमागे राहून जाते.

२००३ पासून इथे मोटारी नेणारी फेरीबोट आहे. पलीकडे धोपावे. काही मिनिटांचाच प्रवास, पण त्याने रस्त्याचा फार मोठा वळसा वाचतो. बोटीतून उतरताच चढ सुरू होतो, आणि तो चढल्यावर सडा लागतो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार : हिवाळ्यात पिवळे गवत, झाडाची सावली नाही, समोरून वारा. जंगल-जंगल म्हणून निघालेल्याची इथे निराशा होईल, पण कोकण म्हणजे नुसती माडा-पोफळीची सावली नव्हे, हेही एकदा पायांना कळू द्यावे. इथे प्रत्येकाजवळ पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या हव्यात, त्यातल्या एकीत मीठ-साखर किंवा कोकम.

गुहागरला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी चिपळूणपर्यंत पंचेचाळीस किलोमीटर. शृंगारतळीची बाजारपेठ लवकर लागते, मग मार्गताम्हाने, रामपूर. या पट्ट्यातल्या कितीतरी घरांना कुलूप असते. कर्ता माणूस आखातात, कुटुंब मुंब्र्याला नाहीतर मुंबईत. मे महिन्यात कुलपे निघतात, अंगणात मोटारसायकली उभ्या राहतात आणि मिसरूड न फुटलेली मुले त्यांवर तिघे-तिघे बसून फिरू लागतात.

यावर मला थोडे स्पष्ट बोलायचे आहे. सोळाव्या वर्षी मुलाला वेग हवा असतो, मोकळेपणा हवा असतो, घरच्यांपासून चार मैल लांब जायचे असते. ते साहजिक आहे. पण परवाना नसलेल्या मुलाच्या हाती शंभर सीसीची गाडी देणे हे लाड नव्हेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायदा पालकालाच जबाबदार धरतो : पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. कायदा राहू द्या, या वळणांवर समोरून एसटी येते हे तरी आठवावे. त्याच मुलाला गिअरची सायकल द्या आणि शृंगारतळीचा चढ चढू द्या. माझा भाचा पहिल्या दिवशी जोरात पुढे जाई आणि प्रत्येक चढावर बसे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याने हलक्या गिअरवर, दम न लागता, एकाच लयीत चढायला सुरुवात केली होती. कोणी शिकवले नाही, रस्त्याने शिकवले.

भाचीच्या बाबतीत तिच्या अम्मीची काळजी वेगळी होती. “मामू बरोबर आहे म्हणून पाठवते,” असे तिने तीनदा सांगितले. कपड्यांचा प्रश्न सोपा निघाला : गुडघ्यापर्यंत कुर्ता, घोट्याशी पट्टीने बांधलेला पायजमा, हेल्मेटखाली पिन लावलेला छोटा स्कार्फ. मोकळी ओढणी मात्र अजिबात नको, चाकात गेली तर अनर्थ होतो. रस्त्यात बायका तिला थांबवून विचारत, कुठून आलीस, कोणाची तू? एका वाडीत तिला सांदणे खाल्ल्याशिवाय सोडले नाही. आम्हा दोघांना ती तिच्यामुळे मिळाली.

चिपळूणला बहादूरशेख नाक्यावरून कराडचा रस्ता फुटतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात हे शहर बुडाले होते. हिवाळ्यात शांत दिसणाऱ्या वाशिष्ठीकडे पाहून ते खरे वाटत नाही. तिच्यात मगरी आहेत, तेव्हा हात-पाय धुवायला नदीत उतरू नये. खेर्डी, शिरगाव करत पोफळी गाठली की डोंगर अंगावर येतो. या डोंगराच्या पोटात कोयनेची वीजगृहे आहेत. कोयना खरी पूर्वेची नदी, कृष्णेला मिळणारी. धरणातले पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला पाडतात, त्यावर वीज होते आणि ते पुढे वाशिष्ठीत जाते. वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीपर्यंत पाणी असे वळवण्याची मुभा लवादाने दिली आहे. फेरीबोटीखालून आम्ही जे पाणी पाहिले होते, त्यातले काही घाटमाथ्यापलीकडून आलेले होते. हे सांगितल्यावर दोघेही गप्प झाले, मग भाचीने विचारले, “म्हणजे आपण उलटे चाललोय?”

कुंभार्ली सुमारे दोन हजार फूट चढवतो. करवतीचे दाते संपले, आता एकच लांब चढ. मला तो आधीच्या दोन दिवसांपेक्षा सोपा वाटतो, कारण लय तुटत नाही. खाली ऐन-किंजळ, वर जांभूळ-अंजनीची दाट झाडी, मध्येच धनेशाच्या पंखांचा फडफडाट. ट्रक बरेच असतात, म्हणून पहाटे फजर आटोपून लगेच निघावे. चढताना डाव्या कडेला पण गटाराच्या आत नाही, वळणावर नागमोडी चालवू नये, मागे लाल दिवा भरदिवसाही चालू ठेवावा. माथ्यावर हवा एकदम गार होते. पुढे हेळवाक आणि कोयनानगर. आसपासचे अभयारण्य सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येते, तेव्हा आडरानात शिरू नये, डांबरी रस्ता सोडू नये.

परतीचा उतार हा खरा धोक्याचा भाग. ब्रेक सतत दाबून धरला तर रिम तापते, ट्यूब फुटू शकते. दोन्ही ब्रेक थोडे दाबावेत, सोडावेत, पुन्हा दाबावेत, आणि वेग वळणाच्या आधीच कमी करावा. पावसाळ्यात सावलीतल्या वळणांवर शेवाळ धरते, तेव्हा जाऊ नये. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर हे दिवस चांगले. चिपळूणला पोहोचल्यावर कोकण रेल्वे आहे, पण सायकल पार्सलने पाठवायची तर गाडीच्या बऱ्याच आधी स्टेशनवर जावे.